जुनी तीन सिलिंडरची ट्रायम्फ घेताना

■ पिढ्या दोन : 1968ची एअर-कूल्ड ट्रायडंट (740 सीसी) संग्राहकांची. 1990नंतरच्या गाड्या हिंक्ली कारखान्याच्या, लिक्विड-कूल्ड. भारतात अधिकृत विक्री 2013च्या अखेरीस सुरू झाली. त्यामुळे जुन्या बाजारात भेटतात त्या मुख्यतः स्ट्रीट ट्रिपल आणि टायगर 800.

■ गल्लत नको : चाकणला बनणारी स्पीड 400 एकाच सिलिंडरची. तिचे इंजिनाचे भाग इथे चालत नाहीत.

■ तपासा : इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहा. रेस केल्यावर बॅटरीवर सुमारे 14 व्होल्ट मिळाले नाहीत, तर रेग्युलेटरवर संशय घ्या. व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासल्याच्या पावत्या मागा. टायरवरचे चार आकडे म्हणजे बनावटीचा आठवडा आणि वर्ष.

■ चालवून पाहा : नसरापूर–वेल्हे रस्त्यावर सस्पेन्शनची परीक्षा होते, भोरच्या पुढे वरंध घाटात ब्रेक आणि कूलिंगची. पावसाळ्यात हा घाट अनेकदा बंद असतो; आधी चौकशी करा.

■ कागद : हस्तांतरणाला फॉर्म 29 व 30, कर्ज फिटलेले असल्यास 35, परराज्यातल्या गाडीला एनओसी. चॅसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून घ्या.