वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची गळती

महाड-पोलादपूरचे रुग्ण वजन घटवण्याची शस्त्रक्रिया बहुधा मुंबईत किंवा पुण्यात करून घेतात आणि काही दिवसांत घरी परततात. गळतीचा धोका मात्र घरी आल्यावरही असतो. यातल्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग कापून उरलेला स्टेपलने शिवतात. शंभरात एक-दोघांना ही शिवण पाझरते, बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. ऑपरेशन टेबलवरच निळा रंग सोडून शिवण तपासतात, पण ती तेव्हा कोरडी दिसली तरी पुढे पाझरू शकते.

सगळ्यात बोलकी खूण नाडीची. स्वस्थ बसूनही ठोके मिनिटाला 120 च्या वर राहिले, तर ताप किंवा पोटदुखीची वाट पाहू नये. डावा खांदा दुखणे, धाप लागणे हीही लक्षणे. धाप फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीचीही असू शकते. अशा वेळी ॲसिडिटीची गोळी घेऊन थांबणे घातक. खात्री बहुधा सीटी स्कॅनने होते. तरीही शंका उरली, तर दुर्बिणीतून पाहतात.

पावसाळ्यात वरंध आणि आंबेनळी घाटांत दरडी कोसळतात आणि पुण्याकडे जाणारा रस्ता बंद पडू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच सर्जनचा रात्रीचा फोन नंबर मागून घ्या आणि पहिले काही आठवडे रुग्णालयाजवळच राहा.