तळं राखलं म्हणजे बेडूक राखला?

बेडूक वाचवायचा तर डबकी वाचवा, असं सरसकट सांगितलं जातं. रावऑर्केस्टीस चॅलाझोडिस या चिमुकल्या झुडपी बेडकाला मात्र ते लागू होत नाही. १८७६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ गुंथरने वर्णन केलेली ही जात पुढे शतकभर जणू हरवलीच होती. आता ती तमिळनाडूतल्या कळक्काड-मुंडनथुराईच्या डोंगररानात ओक्लँड्रा बांबूच्या पोकळ पेरांत अंडी घालताना आढळली आहे. पेराला पडलेल्या अरुंद चिरेतून बेडूक आत शिरतो. अंड्यांतून थेट पिल्लंच बाहेर येतात. पोहणारं डिंभक नाही, म्हणून तळ्याची गरजही नाही. राखण बाप करतो, आणि ती नावापुरती नाही: अभ्यासकांनी नर हटवले तेव्हा बरीच अंडी इतर नरांनीच फस्त केली!

म्हणजे हा बेडूक वाचवायचा तर तळं नव्हे, बांबू राखायला हवा. यावर कोणी म्हणेल, बांबू तर गवतच, तोडला तरी पुन्हा फुटतो. खरंय. पण नव्या कोंबाला चीर नसते, आणि या बेडकाला ती स्वतः पाडता येत नाही. शिवाय विणीच्या दिवसांत तोड झाली, तर बांबूबरोबर अंडीही जातात आणि राखणदारही. तोड कायमची बंद करा, असं माझं म्हणणं नाही. पावसाळ्यात थांबवा आणि चिरेची जुनी बेटं सोडा, एवढंच.