तारा का बिघडला?
डीप-स्काय छायाचित्रण : लेखांक ९

मागच्या लेखात आपण फ्रेम्सचं स्टॅकिंग केलं. अंतिम चित्र मनासारखं उतरलं नाही की हात आधी सॉफ्टवेअरकडे जातो: शार्पनेस वाढव, नॉइज कमी कर. माझं म्हणणं असं, की अशा वेळी स्टॅक बाजूला ठेवावा आणि एक कच्ची फ्रेम पूर्ण आकारात उघडावी. सरासरी काढताना दोषाचा माग पुसट होतो. एकट्या फ्रेममध्ये तो शाबूत असतो. तो शोधायचा ताऱ्यांमध्ये. तेजोमेघाची कड मुळात किती धूसर आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, पण तारा बारीक आणि गोल दिसायला हवा हे पक्कं ठाऊक असतं.

हबल दुर्बिणीचा आजारही असाच ओळखला गेला. १९९० साली ती अवकाशात गेली, आणि ताऱ्यांच्या प्रतिमांमध्ये बारीक गाभ्याभोवती पसरट प्रभा दिसू लागली. त्या आकारावरूनच गणित मांडून शास्त्रज्ञांनी निदान केलं: २.४ मीटरचा आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला होता. आरसा तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलं होतं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीची प्रकाशव्यवस्था बसवली.

आपल्याकडे मात्र आरसा क्वचितच दोषी असतो. सगळ्या फ्रेमभर तारे गोल, पण फुगलेले दिसत असतील तर पहिला संशय फोकसवर घ्या. संध्याकाळी तो काटेकोर जुळवला होता, ही साक्ष मध्यरात्री चालत नाही. एफ/५ च्या दुर्बिणीत फोकस अचूक राहण्याची जागा सुमारे ६७ मायक्रॉन, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीएवढी. आता मीटरभर लांबीची पोलादी नळी घ्या. तापमान १० अंशांनी उतरलं की ती सुमारे ०.१२ मिलिमीटरने, म्हणजे १२० मायक्रॉनने आखडते. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर जवळपास दुप्पट. जुन्नर किंवा नगरच्या पठारावर जानेवारीच्या निरभ्र रात्री पारा एवढा सहज उतरतो. मग रात्री आठच्या फ्रेम्स झकास आणि पहाटे तीनच्या मऊ, यात नवल नाही. कॅमेरा सदोष ठरवून विकण्याआधी फ्रेम्स वेळेच्या क्रमाने लावून पाहा. ताऱ्यांचा व्यास हळूहळू वाढत गेला असेल तर उपाय एकच: तासातासाने बाख्तिनॉव्ह मास्क लावून फोकस पुन्हा जुळवायचा. हाच व्यास कोकणातल्या दमट रात्री एकाएकी वाढला आणि तारे मंदही झाले, तर काचेवर दव धरलं आहे. तिथे ड्यू हीटरला पर्याय नाही.

तारे लांबट असतील तर आधी दोन सेकंदांची एक फ्रेम घ्या. एवढ्यातही ते लांबट राहिले तर दोष बहुधा भिंग-आरशांच्या जुळणीत आहे. गोल झाले तर तो माऊंटमध्ये. मग एक्सपोजर चालू असताना शेवटी काही सेकंद ट्रॅकिंग बंद करा. ताऱ्याची रेघ उमटेल ती पूर्व-पश्चिम दिशा. लांबटपणा त्याच दिशेत असेल तर गिअरमधली आवर्ती त्रुटी, बिघडलेला तोल किंवा अडकलेली केबल शोधा. आडव्या दिशेत असेल तर ध्रुव नीट साधलेला नाही, किंवा गाइड दुर्बीण मुख्य दुर्बिणीपासून किंचित ढळते आहे. ध्रुवाची चूक महाराष्ट्रात सहज होते. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर दिसतो, तोही धुरकट हवेत. समोर डोंगर आला तर दिसतच नाही. अशा जागी ड्रिफ्ट पद्धत शिकून घेणं भाग आहे. तिला ध्रुवतारा लागत नाही.

मग चारही कोपरे बघा. सगळीकडे धूमकेतूसारख्या शेपट्या असतील तर न्यूटोनियनला कोमा करेक्टर हवा, किंवा असलेल्याचं सेन्सरपासूनचं अंतर चुकलं आहे. एकाच कोपऱ्यात बिघाड असेल तर सेन्सर तिरका बसला आहे. मध्यभागीच शेपटी दिसली तर कोलिमेशन करा.

आणि सगळं तपासूनही तारे थोडे जाड राहिले, तर हवेचा वाटा मान्य करावा. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १००० मिलिमीटरचं नाभीय अंतर धरलं तर एका पिक्सेलमध्ये ०.७८ विकला मावतात. हवेच्या थरथरीने तारा दोन-तीन विकलांवर पसरला असेल, तर महागडा कॅमेराही त्या रात्री याहून बारीक तारा देणार नाही.

पुढच्या आठवड्यात फ्लॅट फ्रेम्स. तोवर आपल्या फसलेल्या रात्रींच्या कच्च्या फ्रेम्स पुसून टाकू नका. त्यातली एक आज उघडा, आधी मध्य आणि मग चारही कोपरे पाहा, आणि दिसेल ते वहीत तारीख-वेळ-तापमानासह लिहून ठेवा.