पंचवटी किती बाइटांची?

सी भाषा मुळापासून : भाग ११

सी भाषेत स्ट्रिंग असा वेगळा प्रकार नाही, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. एकापुढे एक बाइट, आणि शेवटी शून्य किमतीचा एक बाइट. तो आला की मजकूर संपला. आज अशी स्ट्रिंग एका अ‍ॅरेतून दुसऱ्या अ‍ॅरेत कशी न्यायची ते पाहू. विषय छोटा वाटतो, पण गेल्या चाळीस वर्षांत संगणकात शिरकाव करणाऱ्यांना कितीतरी दारं इथेच उघडी सापडली आहेत.

समजा, पत्ते साठवायचे आहेत. एका स्ट्रक्चरमध्ये ठिकाणाच्या नावाला १६ बाइट, लगेच पुढे पिनला ६ बाइट. पहिलाच पत्ता आला: पंचवटी, ४२२००३. पिन आधी भरला गेला, मग नाव स्ट्र-कॉपी या फंक्शनने उतरवलं.

रोमन लिपीत लिहिलं तर पंचवटीची दहा अक्षरं आणि एक शून्य, म्हणजे ११ बाइट. आरामात मावतं. देवनागरीत मात्र प, अनुस्वार, च, व, ट आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हं होतात. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे १८, आणि शेवटचं शून्य धरून १९. स्ट्र-कॉपीला फक्त 'कुठून' आणि 'कुठे' एवढंच सांगितलेलं असतं. जागा किती, हे तिला ठाऊक नसतं. ती १९ बाइट लिहून मोकळी होते. वेलांटीचा पहिला बाइट नावाच्या शेवटच्या घरात बसतो, तिचे उरलेले दोन आणि ते शून्य पिनच्या पहिल्या तीन घरांत. पिनमधले ४२२ गेले, ००३ उरले. भाषेचं मानक अशा वेळी कसलीच हमी देत नाही, पण साध्या यंत्रावर बहुधा हेच दिसतं.

पिनकोड ही श्रीराम भिकाजी वेलणकर यांची देणगी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो देशभर लागू झाला. पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन वाटप करणारं टपाल कार्यालय. आपल्या गफलतीत नेमका नाशिकच पुसला गेला, आणि एकाही ओळीने तक्रार केली नाही.

जुन्या मराठी प्रणालींत असं होत नसे. १९९१ च्या 'इस्की' मानकात प्रत्येक चिन्हाला एकच बाइट होता, त्यामुळे पंचवटी सहा बाइटांत बसायची. त्या हिशेबाने आखलेले रकाने युनिकोडकडे वळताना तसेच ठेवले, तर तिप्पट लांबीचा मजकूर त्यांत कोंबला जाणार हे उघड आहे.

'मग स्ट्र-एन-कॉपी वापरा, ती सुरक्षित', असं वर्गात सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. तिला १६ सांगितलं तर ती १६ बाइट उतरवते आणि थांबते, पण शेवटचं शून्य टाकत नाही. आता नाव छापायला घेतलं की छपाई शून्य शोधत पिनमध्ये आणि त्याच्याही पुढे जाते. शेजारी फोन नंबर असला तर तोही पडद्यावर. उलट मजकूर छोटा आणि जागा मोठी असली तर उरलेली सगळी घरं ती शून्यांनी भरत बसते. ही वागणूक विचित्र वाटते, पण तिला कारण आहे. जुन्या युनिक्समध्ये फाइलच्या नावाला नेमके १४ बाइट असत. नाव छोटं असलं तर पुढे शून्यं, पूर्ण १४ चं असलं तर शून्य नाहीच. अशा ठरावीक रुंदीच्या रकान्यासाठी हे फंक्शन उपयोगी. आपला सहा बाइटांचा पिन हा तसाच रकाना आहे, तिथे ते बरोबर ठरतं. मात्र तो स्ट्रिंग म्हणून कधी छापायचा नाही. गावाच्या नावाला ते चालत नाही.

ही उणीव ओळखून टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी १९९८ मध्ये ओपनबीएसडीत स्ट्र-एल-कॉपी आणली. ती जागेचं पूर्ण माप घेते, शून्य नक्की टाकते आणि मूळ मजकुराची लांबी परत करते. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीने ती स्वीकारायला २०२३ उजाडलं. तीही मूळ मजकूर त्याच्या शून्यापर्यंत वाचते, म्हणून आपला शून्य नसलेला पिन तिच्या हाती देऊ नये. ती मिळत नसेल तिथे सी-९९ पासून मानकात असलेलं एस-एन-प्रिंटएफ आहेच. तेही किती बाइट लागले असते ते सांगतं. मात्र त्याला फॉरमॅट म्हणून '%एस' द्यावं. बाहेरून आलेला मजकूर थेट फॉरमॅटच्या जागी ठेवणं हा स्वतंत्र धोका आहे. मायक्रोसॉफ्टच्या वळणाची स्ट्र-कॉपी-एस सी-११ च्या ऐच्छिक परिशिष्टात आहे, पण ग्लिबसीत नाही. सगळीकडे चालणारा कोड लिहिणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये.

आता स्ट्र-एल-कॉपीने पंचवटी १६ बाइटांत उतरवा. १५ बाइट जातात आणि हाती येतं 'पंचवट'. स्मृती शाबूत, शून्य जागेवर, यूटीएफ-८ निर्दोष, फक्त गाव चुकलं. जागा १८ केली तर १७ बाइट जातील, वेलांटी मधोमध तुटेल आणि पडद्यावर प्रश्नचिन्हाची चौकट उमटेल. ते तरी डोळ्यांना दिसतं. 'पंचवट' मात्र कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून फंक्शन निवडण्याआधी मावलं नाही तर काय करायचं हे ठरवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पत्ता, नाव, फाइलचा मार्ग यांत उत्तर एकच: नकार द्या किंवा जास्त जागा घ्या, कापू नका. परत आलेली लांबी जागेइतकी किंवा जास्त असेल तर मजकूर कापला गेला आहे. ही तपासणी त्याच ओळीनंतर लिहा. लांबी आधीच मोजलेली असेल तर शून्यासकट मेम-कॉपी करणं सर्वांत स्वच्छ. फक्त पडद्यावर दाखवण्यापुरतं कापायचं असेल तर बाइटावर नव्हे, अक्षराच्या हद्दीवर कापा. त्यासाठी आयसीयूसारखी लायब्ररी घ्यावी लागते.

करून पाहायला दोन गोष्टी. पिन मराठी कळफलकावर देवनागरी अंकांत टाका: सहा अंकांचे १८ बाइट होतात, आणि स्ट्र-एन-कॉपीला ६ सांगितलं तर फक्त ४२ उरतात. मग 'त्र्यंबकेश्वर' ३२ बाइटांच्या अ‍ॅरेत स्ट्र-एल-कॉपीने उतरवा. डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, युनिकोडची चिन्हं तेरा, बाइट ३९. फंक्शन किती आकडा परत करतं, आणि पडद्यावर कुठवर वाचता येतं, दोन्ही वहीत लिहून ठेवा. पुढच्या भागात जागा कमी पडली की ती मागून कशी घ्यायची आणि परत कशी करायची, म्हणजे मॅलॉक आणि फ्री, ते पाहू.