टाकी भरली हे कोण सांगणार?

लेखमाला : कारखान्यातली मोजमापं – लेखांक 4

पाऊस लागला की बदलापूरकरांना दोन आकडे पाठ असतात. उल्हास नदीची धोक्याची पातळी 17.50 मीटर, आणि बारवी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात ती 72.60 मीटर. अंबरनाथच्या मोरिवली, आनंदनगर पट्ट्यातल्या ॲसिडच्या आणि सॉल्व्हंटच्या टाक्यांची पातळी मात्र ठाऊक असते ती फक्त शिफ्टवरच्या ऑपरेटरला. त्याला ती कळते सेन्सरकडून. म्हणून मागच्या आठवड्यात दाब पाहिल्यावर आज पातळीकडे वळू.

सेन्सर घ्यायला गेलं की विक्रेता आधी टाकीची उंची विचारतो, मग किती अचूकता हवी ते. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे. टाकीत काय आहे आणि त्या द्रवाच्या वर काय साचतं, हे आधी ठरलं पाहिजे.

अल्ट्रासॉनिक सेन्सर घ्या. तो वरून ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. 30 अंशांच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 349 मीटर जातो, दर अंशाला त्यात साधारण 0.6 मीटरची भर पडते. तापमानाचा हा हिशेब सेन्सर स्वतः करतो. पण टाकीत हवेऐवजी सॉल्व्हंटची जड वाफ भरली तर ध्वनीचा वेगच बदलतो आणि ते त्याला कळत नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीत तर वाफ सेन्सरच्या तोंडावर थेंब होऊन बसते. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर वर्षानुवर्षं चोख चालणारा सेन्सर इथे नापास होतो, आणि दोष त्याचा नसतो.

वाफेचा त्रास रडारला जवळजवळ होत नाही. ॲसिडची टाकी एफआरपीची किंवा प्लास्टिकची असेल तर रडार छताच्या वर बसवून छतातूनच पातळी घेता येते. भोक पाडायला नको, ॲसिडला स्पर्श नको. फक्त आपल्याकडच्या पावसाचं भान ठेवावं. छतावर पाण्याचा थर राहिला की लहरी तिथूनच परततात, म्हणून वर लहानशी शेड हवी. टोल्युइन, हेक्झेनसारखे द्रव रडारच्या लहरी फार क्षीण परतवतात. तिथे दांड्यावरून लहर खाली नेणारा गाइडेड रडार बरा. आणि ज्वलनशील द्रवाच्या टाकीवर पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि ज्वलनशील पदार्थांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेची, मान्यता नसलेलं उपकरण कितीही स्वस्त मिळालं तरी चढवू नये.

तळाचा दाब मोजून पातळी काढणारा ट्रान्समीटर स्वस्त आणि दणकट असतो, मात्र तो वजन मोजतो, उंची नाही. पाण्यावर जुळवलेला ट्रान्समीटर 98 टक्के सल्फ्युरिक ॲसिडची 1 मीटर पातळी 1.84 मीटर दाखवेल. एका टाकीत कायम एकच माल राहणार असेल तरच तो घ्यावा.

ईटीपीत, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात, फेस हा खरा शत्रू. ध्वनी फेसात विरतो, साधा फ्लोट गाळाने जाम होतो. इथली टाकी वाहिली की पाणी नाल्यात जातं आणि नाला वालधुनीत. 1060 सालचं अंबरनाथचं शिवमंदिर याच नदीकाठी उभं आहे, आणि पुढे ती उल्हासनगरच्या वस्तीतून जाते. नदीची आज जी दशा आहे ती पाहता ईटीपीच्या टाकीवर काटकसर करणं मला अजिबात मान्य नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 11 डिसेंबर 2005 च्या पहाटे इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत 912 क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरलं जात होतं. तीनच्या सुमारास गेजचा आकडा एका जागी अडकला. पेट्रोल येतच राहिलं. टाकी पूर्ण भरली की भरणं बंद करणारा स्वतंत्र स्विच होता, पण त्याचा चाचणीचा दांडा योग्य जागी धरणारं कुलूप लावलेलं नव्हतं, म्हणून तोही निकामी. साडेपाचनंतर पेट्रोल वरून वाहू लागलं आणि 6 वाजून 1 मिनिटाने स्फोट झाला. रविवार होता म्हणून कुणी दगावलं नाही, तरी 43 जण जखमी झाले.

म्हणजे पातळी दाखवणारं उपकरण आणि भरणं थांबवणारं उपकरण वेगळंच हवं, तेही वेगळ्या तत्त्वावर चालणारं. रडारच्या जोडीला वरच्या पातळीवर कंप पावणारा फोर्क स्विच ठेवावा, त्याची वायर वेगळी असावी आणि त्याने थेट पंप बंद करावा. ट्रान्समीटर घेताना 4 ते 20 मिलिअँपिअरचाच घ्या. त्यात रिकामी टाकी 4 दाखवते, त्यामुळे 0 आला की टाकी रिकामी नाही, वायर तुटली आहे, हे ऑपरेटरला लगेच कळतं. स्विचची चाचणी कधी झाली ती तारीख टाकीवरच रंगवून ठेवा, रजिस्टरात नको.

पुढच्या आठवड्यात प्रवाह मोजणारी उपकरणं.