पालक गोश्तात टोमॅटो डब्यातला असला तर?

भाजी शिजवली की तिच्यातलं सत्त्व निघून जातं आणि डब्यातल्या वस्तूत तर काहीच उरत नाही, असं आपल्या घरांत सर्रास बोललं जातं. दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत.

आखातात नोकरीला असलेल्या कोकणातल्या माणसांच्या स्वयंपाकात टोमॅटोचा डबा रोजचाच. इकडे तो निघतो टोमॅटो महागला की. जुलै 2023 मध्ये किलोला शंभरच्या वर भाव गेला, तेव्हा अनेकींनी पहिल्यांदाच डबाबंद टोमॅटो आणला असेल. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. टोमॅटोचा लाल रंग ज्या लायकोपीनमुळे येतो, ते उष्णतेने मोकळं होतं आणि तेलासोबत अंगी जास्त लागतं. म्हणजे या एका बाबतीत कच्च्या कोशिंबिरीपेक्षा शिजलेला टोमॅटो वरचढ! क जीवनसत्त्व मात्र घटतं, पण सगळंच जात नाही. बहुतेक डब्यांत मीठ असतं; घरात कुणाला ब्लडप्रेशर असेल तर लेबल वाचून सालनात मीठ हात राखून घालावं.

पण टोमॅटो पालेभाजीची जागा घेऊ शकत नाही. शंभर ग्रॅम शिजलेल्या पालकात साधारण साडेतीन मिलिग्रॅम लोह आणि 145 मायक्रोग्रॅमच्या आसपास फोलेट असतं. डब्यातल्या तेवढ्याच टोमॅटोत लोह एक मिलिग्रॅमच्या आसपास, आणि फोलेट पालकाच्या दहाव्या हिश्श्याइतकंही मुश्किलीने. रक्त तयार व्हायला ही दोन्ही लागतात, गरोदरपणात तर फारच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी उरलेल्या रश्श्यावर जेवण भागवणारी बाई यात पहिली येते.

पालकातलं लोह मात्र शरीर सहज शोषून घेत नाही. त्याला आंबटाची, म्हणजे क जीवनसत्त्वाची जोड लागते. थोडं गोश्त असेल तरीही ते जास्त शोषलं जातं. आपला पालक गोश्त या हिशोबाने उत्तम पदार्थ आहे. त्यात टोमॅटो डब्यातला असला तरी चालेल, वाढताना वरून लिंबू पिळलं की झालं. उलट जेवणावर लगेच कडक चहा घेतला तर शोषलं जाणारं लोह बरंच घटतं. रमज़ानमध्ये सहरी संपवता संपवता चहा घेण्याची सवय या दृष्टीने महागात पडते. चहा इफ्तारनंतर, जेवणापासून तासाभराच्या अंतराने घ्यावा.

पालक उकडून पाणी मोरीत ओतणं हा तर इसराफच, कारण फोलेट त्याच पाण्यात उतरतं. रंग हिरवागार राहावा म्हणून सोडाही घालू नये. धुऊन, चिरून, अंगच्या पाण्यावर झाकण ठेवून पाचेक मिनिटं शिजवली की पुरे. कॅल्शियमसाठी मात्र पालकावर विसंबू नका, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे ते अंगी लागत नाही. त्यासाठी दूध, दही बरं. ऑक्झॅलेटचे मूतखडे झालेल्यांनीही पालक बेतानेच खावा.

डबा उघडल्यावर उरलेला टोमॅटो काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या ताटात पालेभाजी एकदम वाढवू नये, एकदम बंदही करू नये. तिच्यातल्या के जीवनसत्त्वाचा या औषधाशी संबंध आहे, म्हणून प्रमाण डॉक्टरांना विचारून एकसारखं ठेवावं.