विश्लेषण : आधी गडाचे राखणदार, मग बंडखोर, मग सरकारी पलटण! जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात इंग्रजांच्या कायद्यांनी काय केलं?

वसाहतकालीन कायदे बदलण्याची चर्चा गेली काही वर्षं सतत सुरू आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. १ सप्टेंबर २०२५ पासून १९२०, १९३९ आणि १९४६ चे परदेशी नागरिकांविषयीचे तीन जुने कायदे जाऊन नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला. पण इंग्रजांच्या कायद्यांची आणखी एक बाजू होती. शस्त्र कोणी बाळगायचं, देशाच्या रक्षणासाठी कोणी उभं राहायचं आणि कोणी नाही, हेही हेच कायदे ठरवत होते.

याचं उदाहरण शोधायला दिल्लीला जायची गरज नाही. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा पश्चिमेकडचा डोंगरपट्टा पुरेसा आहे. इथल्या महादेव कोळी समाजाला एका शतकाच्या आत सरकारने चार वेगवेगळ्या नजरांनी पाहिलं: गडाचे राखणदार, बंडखोर, पलटणीतले शिपाई आणि पुन्हा बंडखोर. हे कसं झालं, समजून घेऊया.

गडांची राखण कोण करायचं?

शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन. नाणेघाटाच्या आसपासचे हे गड म्हणजे कोकणातून वर येणाऱ्या वाटेवरची नाकी. सातवाहनांच्या काळापासून हा व्यापाराचा रस्ता. अशा गडांवर बाहेरून आणलेलं सैन्य बाराही महिने ठेवणं परवडणारं नव्हतं. त्यामुळे गडाच्या घेऱ्यातल्या लोकांकडेच राखणीचं काम असायचं.

सह्याद्रीतल्या या खोऱ्यांना एकत्रितपणे ‘बावन्न मावळ’ म्हणत. खोऱ्याखोऱ्यात कोळी नाईक असत. राखणीच्या बदल्यात कुणाला रोख पगार, कुणाला जमीन, तर कुणाला ठरावीक हक्क मिळे. नोकरी पिढीजात होती. थोडक्यात, आजच्या भाषेत सांगायचं तर हे स्थानिक संरक्षण दल होतं. हत्यार घरात असणं हा गुन्हा नव्हता, ती नोकरीची गरज होती.

१८१८ नंतर काय बदललं?

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि जुन्नर परिसरातले गड इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुन्हा कुणी गडावर ठाण मांडू नये म्हणून इंग्रजांनी अनेक ठिकाणी वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. चावंड किंवा जीवधनला गेलेल्या ट्रेकरला तुटलेल्या पायऱ्यांचा तो टप्पा आजही चढावा लागतो.

पण पायऱ्यांपेक्षा मोठी गोष्ट तुटली ती म्हणजे नोकरी. गड नाही म्हणजे राखण नाही, आणि राखण नाही म्हणजे पगार नाही. काहींचे जुने हक्कही बंद झाले. त्याच वेळी शेतसारा रोख भरायची सक्ती आली. डोंगरातल्या माणसाकडे नाचणी-वरई होती, रोकड नव्हती. रोकड होती ती सावकाराकडे.

पुरंदर भागात रामोशांचंही हेच झालं होतं. उमाजी नाईकांचं बंड त्यातूनच उभं राहिलं. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी दिली गेली.

कोळी नाईकांची बंडं का झाली?

पहिला मोठा भडका १८२८ च्या सुमारास उडाला. त्यात पुढे होते रामजी भांगरे. विशेष म्हणजे ते सरकारी पोलिसात जमादार होते. जुने हक्क बंद झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि डोंगरात लोक जमवले. दोनेक वर्षांत हे बंड मोडण्यात आलं. त्यातले एक नेते रामा किरवा यांना अहमदनगरला फाशी झाली.

दुसरा टप्पा १८४० च्या दशकातला. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे या बंडाचे नायक. पुणे, नगर, नाशिक आणि ठाणे अशा चारही बाजूंच्या डोंगरात त्यांचा वावर होता. घाटवाटांची माहिती असलेल्या माणसाला पकडणं इंग्रजांना वर्षानुवर्षं जमलं नाही. अखेर १८४८ च्या सुरुवातीला पंढरपुरात ते हाती लागले. २ मे १८४८ रोजी ठाण्यात त्यांना फाशी देण्यात आली.

या दोन्ही बंडांमागचं कारण इंग्रज अधिकाऱ्यांना माहीत नव्हतं असं नाही. कॅप्टन मॅकिंटॉश यांनी १८३० च्या दशकातच महादेव कोळ्यांविषयी सविस्तर लिहून ठेवलं होतं. पण माहिती असणं आणि धोरण बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

मग सरकारने त्यांच्याच हाती बंदुका का दिल्या?

इथे गोष्ट वळण घेते. १८५७ चा उठाव झाला आणि नाशिक-नगर पट्ट्यात भागोजी नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी शस्त्रं उचलली. ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूर शिंगोटे इथल्या चकमकीत नगरचे पोलिस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारले गेले. आता डोंगरातले कोळीही त्यांना सामील झाले तर काय, ही भीती इंग्रजांना होती.

उपाय काढला कॅप्टन नटॉल यांनी. जे बंड करू शकतात, त्यांनाच पगारावर घ्यायचं. अशी उभी राहिली ‘कोळी कॉर्प्स’. बामळे कुळाचे प्रमुख जावजी नाईक यांना शोधून काढून या पलटणीचं पुढारपण देण्यात आलं. नाईक आला की त्याच्यामागे माणसं येतात, हे गणित होतं आणि ते बरोबर ठरलं. पुणे, नगर, नाशिकच्या डोंगरातून भरती झाली आणि पलटण सुमारे ६०० जणांची झाली.

या पलटणीचा गणवेशही डोंगराला साजेसा होता. गडद हिरवं पागोटं, गडद हिरव्या कापडाचा अंगरखा, गुडघ्याच्या वर राहील असं गडद लाल धोतर आणि पायात वहाणा. हातात संगीन लावलेली हलकी बंदूक. मोठ्या सैन्याला लागणारा बैलगाड्यांचा लवाजमा या लोकांना नको होता. आपलं सामान पाठीवर टाकून ते निघत.

थोड्याच महिन्यांत हे लोक कवायत शिकले, ठाणी सांभाळू लागले आणि चकमकींत उतरले. नोव्हेंबर १८५९ मध्ये भागोजी नाईक चकमकीत मारले गेले आणि भिल्लांचा उठाव थंडावला.

यातली कटू बाजूही लक्षात घ्यायला हवी. एका डोंगरी समाजाचा उठाव मोडायला दुसऱ्या डोंगरी समाजाची पलटण वापरली गेली. दोघांच्याही तक्रारी जवळपास सारख्याच होत्या.

पलटणीचं पुढे काय झालं?

काम संपलं आणि पलटणही संपली. मार्च १८६१ मध्ये कोळी कॉर्प्स बरखास्त करण्यात आली. थोड्या जणांना पोलिसात घेतलं गेलं. बाकीचे परत शेतीला आणि मजुरीला लागले.

इंग्रजांच्याच गॅझेटिअरने नंतर कबूल केलं की ही पलटण उभारणं शहाणपणाचं होतं. एरवी दंगा करणारे म्हणून ज्यांची नोंद होते, तेच शिस्त आणि पगार मिळाल्यावर शांतता राखणारे ठरले, असा त्याचा आशय. तरीही ही सोय कायमची करावी असं सरकारला वाटलं नाही.

परिणाम दिसायला किती वर्षं लागली?

फक्त बारा. १८७३ मध्ये आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचे होनाजी भागोजी केंगले, म्हणजेच होन्या केंगले, यांनी सावकारांविरुद्ध मोहीम उघडली. वह्या, गहाणखतं आणि न संपणारं व्याज यात अडकलेल्या गावांचा त्यांना पाठिंबा होता. सावकारांचं नाक कापण्याचे प्रकार झाले आणि कित्येक सावकार गावं सोडून पळाले.

सरकारने खास पोलिस दल नेमलं. होन्यांवर १,००० रुपयांचं, तर त्यांच्या साथीदारांवर २०० ते ६०० रुपयांपर्यंत बक्षीस लावलं. तेव्हाच्या मानाने ही मोठी रक्कम होती. तरी त्यांना पकडायला १८७६ चा जुलै उजाडला. मेजर डॅनियल यांनी त्यांना पकडलं.

दरम्यान, १२ मे १८७५ रोजी सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखलं जाणारं ते आंदोलन पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून न्यायालयांना व्यवहार तपासण्याचे अधिकार मिळाले. म्हणजे डोंगरात आणि मैदानात जे वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं, ते सरकारने अखेर कायद्यात लिहिलं.

शस्त्रांचा कायदा नेमका काय होता?

कर्जाचा कायदा यायच्या एकच वर्ष आधी, १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या काळात शस्त्र कायदा आला होता. १८५७ नंतर लगेचच शस्त्रं काढून घेण्याचे कायदे झाले होते. १८७८ च्या कायद्याने परवान्याची पद्धत देशभर पक्की केली. त्यातली ठळक कलमं अशी:

• ‘शस्त्र’ या व्याख्येत बंदुकीबरोबर तलवार, खंजीर, भाला आणि धनुष्यबाणसुद्धा होते.

• परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती.

• युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना नियमांद्वारे सूट होती.

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त बोचणारा होता. स्वयंसेवक दलांचंही तेच. १८६९ च्या भारतीय स्वयंसेवक कायद्याखाली शहरांत आणि रेल्वेत जी हत्यारबंद दलं उभी राहिली, ती प्रत्यक्षात युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांची होती. काँग्रेसने अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून भारतीयांनाही या दलांत घ्या, अशी मागणी केली.

भारतीयांना ही दारं कधी उघडली?

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा. १९१७ मध्ये भारतीय संरक्षण दलाचा कायदा झाला. भारतातल्या युरोपीय ब्रिटिश पुरुषांना सेवा सक्तीची आणि भारतीयांना ऐच्छिक, अशी त्याची रचना होती. लोकमान्य टिळकांनी तरुणांना नाव नोंदवण्याचं आवाहन केलं. स्वराज्य मागायचं तर रक्षणाची तयारीही दाखवायला हवी, अशी त्यामागची भूमिका होती.

१९२० मध्ये याचे दोन भाग झाले. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन यांच्यासाठी ऑक्झिलरी फोर्स, तर भारतीयांसाठी टेरिटोरियल फोर्स. दल मिळालं, पण रांग वेगळीच राहिली.

शस्त्र परवान्याचा प्रश्नही संपला नव्हता. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाआधी महात्मा गांधींनी व्हाइसरॉयपुढे जे ११ मुद्दे ठेवले, त्यात स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने देण्याची मागणी होती. अहिंसेच्या नेत्याने ही मागणी करावी, यातच या कायद्याकडे लोक कसं पाहत होते ते कळतं.

स्वातंत्र्यानंतर काय झालं?

१९४८ मध्ये टेरिटोरियल आर्मी कायदा झाला. नोकरी-धंदा सांभाळून देशसेवा, या कल्पनेवर चालणारं हे दल आजही आहे आणि त्यात जात-वंशावरून रांगा नाहीत. १८७८ चा शस्त्र कायदा जाऊन १९५९ चा नवा कायदा आला, जो १९६२ पासून लागू झाला. बंदुकीला परवाना आजही लागतो. मात्र फक्त शेतीसाठी किंवा घरकामासाठी बनवलेली अवजारं शस्त्रात मोडत नाहीत.

आज जुन्नर-आंबेगावच्या माणसाला याचं काय?

या पट्ट्यात आज राखणीचा प्रश्न आहे तो बिबट्यापासून. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला तो रोज भेडसावतो. म्हणून नियम माहीत असलेले बरे. बंदुकीचा परवाना असला तरी बिबट्या मारता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याचे आदेश देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांकडे आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, प्रामाणिक हेतूने झालेली कृती मात्र गुन्हा ठरत नाही.

जांभोरीच्या होन्या केंगलेंना आणि देवगावच्या राघोजींना आज आद्य क्रांतिकारक म्हणून मान मिळतो. कोळी कॉर्प्सचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. ती इंग्रजांची पलटण होती, हे त्याचं कारण असू शकतं. पण रामजी भांगरे आधी जमादार होते, हे विसरता येत नाही. डोंगरातली माणसं दोन्हीकडे तीच होती. पगार आणि हक्क असेपर्यंत ती राखणदार होती, ते गेल्यावर बंडखोर ठरली.